परवाना मिळाला, बंदूक घरात आली, आता पुढचं

बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयातल्या खेपा यांत महिनेच्या महिने जातात. परवाना हातात पडला की दुकानातून बंदूक घरी आणायला मात्र एक दिवस पुरतो. त्या दिवशी बंदूक कुठे ठेवायची, किल्ली कोणाकडे राहणार, घरातली मुलं कुठे खेळतात, याचा विचार बहुतेक घरांत झालेलाच नसतो. हा लेख त्यासाठी आहे.

पेपरात येणाऱ्या बंदुकीच्या अपघातांच्या बातम्या नीट वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बंदूक साफ करताना बार उडाला, खुंटीवरून काढताना उडाला, बांध ओलांडताना उडाला, पोरानं सहज हातात घेतली आणि उडाला. म्हणजे कोणाला बार टाकायचाच नव्हता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बंदूक रिकामी आहे. म्हणून नव्या परवानाधारकानं नेमबाजी शिकायच्या आधी बंदूक रिकामी करायला शिकलं पाहिजे.

रिकामी आहे हे डोळ्यानं बघायचं, बोटानं चाचपायचं

बंदूक हातात घेताना ती भरलेलीच आहे असं धरायचं. जिवंत माणूस, गुरं, शेजारचं घर यांच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरून बार टाकायचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, ट्रिगरभोवतीच्या कडीच्या वर सरळ ठेवायचं. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं. जगभरात नेमबाजांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. यातला एखादा नियम चुकला तरी बाकीचे वाचवतात. दोन एकदम मोडले की माणूस जातो.

दुनळी किंवा एकनळी बाराबोर असेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून वरची पट्टी अंगठ्यानं दाबून बंदूक मोडा, म्हणजे मधून उघडा. दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, डोळ्यानं बघा, करंगळी आत घालून चाचपा, मग मागच्या बाजूनं नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. उजेडाची ही पाहणी फार महत्त्वाची आहे. कोकणात खुंटीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. चार-आठ दिवसांत नळी बुजते आणि बाहेरून काहीच कळत नाही. तशा बंदुकीत काडतूस घालून बार टाकला तर दाब पुढे जायला वाट नसते, नळी फुगते किंवा फाटते, आणि पुढच्या लाकडावर धरलेला डावा हात नेमका त्याच जागी असतो. चिखलात नळीचं तोंड टेकलं, साफ करताना चिंधी आत राहिली, तरी परिणाम तोच.

बाहेर घोडे (काडतुसावर आपटणारे हातोडे) असलेली जुनी दुनळी असेल तर चढवलेला घोडा भरल्या बंदुकीवर अंगठ्यानं हळूच उतरवायचा मोह टाळा. घामाचा अंगठा निसटला की घोडा पडतो. आधी बंदूक मोडा, काडतुसं काढा, मग घोडे उतरवा. आणि सेफ्टीवर विसंबू नका. बहुतेक दुनळी बंदुकांत सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, आतले हातोडे नाही. बंदूक दगडावर आदळली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो.

पिस्तुलात चूक होते ती क्रमाची. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची. नवखा माणूस उलटं करतो: स्लाइड ओढतो, चेंबरमधला (नळीमागच्या घरातला) राऊंड, म्हणजे काडतूस, बाहेर पडतो, आणि स्लाइड पुढे जाताना भरल्या मॅगझिनमधला पुढचा राऊंड चेंबरमध्ये ढकलते. मग तो मॅगझिन काढतो आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजतो. आत एक राऊंड बसलेला असतो. म्हणून मॅगझिन काढून बाजूला ठेवा, स्लाइड दोन-तीनदा पूर्ण ओढा, शेवटी मागे अडकवून चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा.

कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असतं. ते वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं आहे. मागची कडी दाबून नळी खाली झुकवली की सहाही घरं उघडतात आणि मधला तारा काडतुसं वर उचलतो. पण पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) कधीकधी ताऱ्याच्या खाली अडकून राहते, म्हणून सहा घरं एकेक मोजायची. जुनं रिव्हॉल्व्हर असेल, आणि पडल्यावर घोड्याला अडवणारी व्यवस्था त्यात आहे की नाही याची खात्री नसेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच राऊंड भरावेत.

काडतूस वाचायला शिका

दुकानात ".३२ द्या" म्हणून चालत नाही. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि .३२ पिस्तुलाचं वेगळं. पहिलं एस अँड डब्ल्यू लाँग, दुसरं ए.सी.पी., म्हणजेच ७.६५ मिलिमीटर. पिस्तुलाचं काडतूस बऱ्याच रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसतं, उडतंही. पण त्याचा ठरलेला कमाल दाब साधारण २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा १५,०००. जुन्या रिव्हॉल्व्हरला हा फरक झेपेलच असं नाही. खोक्यावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

बाराबोरमध्ये घोळ लांबीचा आहे. आजोबांच्या काळातल्या पुष्कळ दुनळी बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची असतं. आज बाजारात मिळणारी बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत वाटेल, पण ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं. कारण काडतुसाची लांबी मोजतात ती बार उडून तोंड उघडल्यावरची. भरलेलं असताना तोंड आत मुडपलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. बार उडताना ते तोंड उघडायला पुढे जागा नसते, निमुळत्या भागात अडकतं, आणि दाब वाढतो. नळी उघडल्यावर खालच्या सपाट भागावर लांबीचा शिक्का असतो. नसेल किंवा झिजला असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून घर मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेघांसारखी नक्षी दिसत असेल तर ती जुनी डमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली, असू शकते. ती तपासून घेतल्याशिवाय आजचं काडतूस तिच्यात घालूच नका.

घरात बाराबोर आणि वीसबोर दोन्ही असतील तर त्यांची काडतुसं एका पट्ट्यात, एका खिशात कधीही नकोत. वीसबोरचं काडतूस बाराबोरच्या घरातून पुढे घसरतं आणि नळीच्या सुरुवातीला अडकतं. वरून घर रिकामं दिसतं. माणूस बाराबोरचं काडतूस घालतो, आणि नळी फुटते. हे टाळायला बऱ्याच कंपन्या वीसबोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात.

पावसाळ्यात काडतुसं फुगतात, विशेषतः कागदी पुंगळीची. घरात जोर लावून बसवावं लागणारं काडतूस बाजूला काढा. पितळेवर हिरवा गंज, बुडावरच्या टोपीवर तेलाचे डाग असतील तरी तेच. अशी काडतुसं घरी फोडायची नाहीत, चुलीत किंवा विहिरीत टाकायची नाहीत. विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करायची. काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.' दिसलं तर ते खडकीचं आहे. पुण्याचा हा कारखाना १८६९ पासून आहे, आणि खोक्यावरचा लॉट नंबर जपून ठेवला तर खराब मालाची तक्रार करता येते.

ट्रिगर दाबला आणि नुसता खट्ट आवाज आला तर लगेच बंदूक उघडू नका. नळी निशाणाकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, कारण कधीकधी दारू उशिरा पेटते. आणि बार उडाला पण आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबून बंदूक रिकामी करा आणि नळी आरपार बघा. आत डाट (दारूवर दाबलेला बुच्चा) किंवा गोळी अडकलेली असू शकते. दुसरा बार तिच्यावर गेला तर नळी गेलीच समजा.

ठासणीची बंदूक

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायच्या, बंदुका अजून घरोघर आहेत. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. तिला लोक साधी समजतात. माझ्या मते नवख्याच्या हातात सगळ्यात धोक्याची बंदूक हीच, कारण ती भरलेली आहे की नाही हे उघडून बघता येत नाही.

त्यावर जुना आणि पक्का उपाय आहे गजावरच्या, म्हणजे ठासायच्या काठीवरच्या, खुणेचा. बंदूक पूर्ण रिकामी असताना गज नळीत बुडापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूनं एक खाच करा. ही रिकामीची खूण. मग बंदूक ठरलेल्या मापानं ठासा, पुन्हा गज सोडा आणि तोंडाशी दुसरी खाच करा. ही भरलेलीची खूण. आता बंदूक कधीही हातात आली की टोपी (घोड्याखाली बसवायची, ठिणगी देणारी) नसल्याची खात्री करून, तोंड चेहऱ्यापासून लांब धरून गज सोडायचा. पहिली खाच तोंडाशी आली की दुसरी, यावरून कळतं. दुसरी खाचही तोंडाच्या बाहेर वर राहिली तर आत दोन माप आहेत, म्हणजे कोणीतरी भरल्या बंदुकीवर पुन्हा ठासलं आहे. तो बार टाकायचाच नाही. निप्पलमधून (टोपी बसते त्या भोकाच्या बोंडातून) आणि तोंडाकडून पाणी घालून दारू भिजवायची आणि बंदूक कारागिराकडे न्यायची.

डाट दारूवर घट्ट बसला पाहिजे. दारू आणि डाट यांच्यात पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते. एक बार टाकल्यावर लगेच दारू ओतायची नाही. आत पेटता निखारा उरलेला असू शकतो. ओली चिंधी गजानं फिरवा, मग कोरडी, मग थेट डब्यातून नव्हे तर मापातून दारू घाला. डब्यातून ओतताना पेट घेतला तर हातात डबा आहे. आणि बाराबोरची काडतुसं फोडून त्यातली दारू ठासणीत घालण्याचा प्रकार कुठे चालत असेल तर तो आजच बंद करा. ती दारू काळी नाही, तिचा दाब वेगळा आहे, ठासणीची नळी तिला टिकत नाही.

टोपी बसवायची ती राखणीच्या जागेवर पोचल्यावर, बार टाकायच्या तयारीत असतानाच. बार टाकला आणि पेटला नाही तर या बंदुकीला दोन मिनिटं द्या. परत येताना पहिलं काम टोपी काढण्याचं. घरात भरलेली बंदूक खुंटीवर टांगून 'टोपी नाहीये ना, मग काय होतंय' म्हणायची पद्धत मोडलीच पाहिजे. टोप्यांची डबी पोरांना नेहमी सापडते.

काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. कोकणच्या दमटपणात एका रात्रीत नळीला गंज चढतो. त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्यानं नळी धुवा, चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत पुसा, उन्हात वाळवा, आणि आतून तेलाचा पातळ हात द्या.

घरात ठेवायची जागा

खुंटी, गादीखाली, कपड्यांच्या कपाटात, उशाशी या चारही जागा बाद. लोखंडी कपाटाचं लॉकर चालतं, पण कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं हवं, आणि किल्ली देवघरातल्या डब्यात नको. घरातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत असते. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये किंवा तितक्याच सुरक्षित जागी. काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या खोलीत. लांब बंदूक कपाटात मावत नसेल तर दुनळी खोलून नळी एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवता येतो. त्याशिवाय केबल लॉक लावा. मोडलेल्या दुनळीच्या नळीतून, किंवा पिस्तुलाच्या मॅगझिनच्या जागेतून चेंबरपर्यंत केबल ओवली की राऊंड भरताच येत नाही.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून कपाट बंद करू नका. चामडं ओल धरतं, त्यातल्या क्षारांनी पोलादावर डाग पडतात. होल्स्टर फक्त बाहेर नेताना. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला हत्यार काढून कोरड्या कापडानं पुसा, तेलाचा हात द्या. तेल जास्त झालं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि काडतूस मरतं. बंदूक साफ करायला बसताना काडतुसं त्या खोलीत नकोत.

एक गोष्ट मोकळेपणानं बोलली पाहिजे. घरात कोणी फार खचलेलं असेल, कर्जात बुडालेलं असेल, दारूच्या आहारी गेलेलं असेल, जगण्यात काही राहिलं नाही असं बोलत असेल, तर त्या दिवसापासून बंदूक त्या घरात राहता कामा नये. हे परवानाधारकाच्या स्वतःच्या बाबतीतही तितकंच खरं. परवानाधारक विक्रेत्याकडे ती ठेवता येते, पोलीस ठाण्यात जमा करता येते, पावती मिळते, परवाना जात नाही. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतूनही बोलता येतं.

राखणीला जाताना आणि रस्त्यावर

दुचाकीवर भरलेली बंदूक खांद्याला अडकवून जाणं पूर्ण बंद. बंदूक रिकामी, आवरणात, काडतुसं वेगळ्या पिशवीत. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या आवरणात झाकलेलं असावं लागतं. सोबत मूळ परवाना ठेवा, आणि तो त्या जिल्ह्यात, त्या राज्यात चालतो का हे आधी वाचा. बांध किंवा कुंपण ओलांडताना बंदूक मोडून, रिकामी करून पलीकडे ठेवा, मग स्वतः ओलांडा. पलीकडून तोंडाला धरून स्वतःकडे ओढू नका.

रात्री झुडूप हललं, दोन डोळे चमकले म्हणून बार टाकायचा नाही. रानडुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि मेलेला बऱ्याचदा शेजारी किंवा सोबतीच असतो. राखणीला कोण कुठे बसणार हे आजूबाजूच्या शेतकऱ्यांना संध्याकाळीच सांगा. टॉर्चच्या उजेडात अख्खं जनावर ओळखू आलं पाहिजे, आणि त्याच्या मागे माती हवी. बारीक ६ नंबरचे छर्रे सुमारे २०० मीटर जातात, पण एल. जी. काडतुसातले जाड दाणे सातशे मीटरपर्यंत. .२२ रायफलची गोळी दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. डोंगराच्या कडेवर उभ्या जनावरावर टाकलेला बार पलीकडच्या वाडीत उतरू शकतो.

शेतीसंरक्षण परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठीसुद्धा वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. आवाज करून पळवून लावण्यापुरतीच बंदूक, असं धरून चाललेलं बरं.

कायद्यातलं थोडं, पण नेमकं

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी द्या. वर्षाला किती काडतुसं घ्यायची, एका वेळी किती जवळ ठेवायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. घेतलेली आणि उडवलेली काडतुसं एका वहीत तारखेनिशी टिपून ठेवा. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २१ वर्षांखालच्या मुलाच्या हातात राखणीला बंदूक देणं, 'तो आमचाच आहे' म्हणून भावाला देणं, दोन्ही नको; परवान्यावर नाव तुमचं आहे. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार टाकला तर त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि वरातीत खाली माणसंच असतात.

निवडणुकीच्या काळात हत्यारं जमा करायला सांगतात. जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करते. काजू-आंब्याच्या हंगामात बंदूक गेली तर शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं. अडचण असेल तर समितीकडे लेखी अर्ज वेळेत द्या. जमा करताना बंदूक रिकामी करून, तेल देऊन, कापडात गुंडाळून द्या. क्रमांक, काडतुसांची संख्या, हत्यारावरचे जुने ओरखडे पावतीवर लिहून घ्या आणि फोटो काढा. परत घेताना तिथेच नळी आरपार बघा.

परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, तर शस्त्र नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि म्हातारपणी थरथरत्या हातांत बंदूक तशीच राहते. परवानाधारक अचानक गेला तर घरच्यांनी बंदुकीला हात न लावता ठाण्यात कळवावं, ती भरलेली असण्याची शक्यता आधी सांगावी, आणि जाणत्या माणसाकडून रिकामी करून घेऊन विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. नातेवाइकाच्या घरी 'तात्पुरती' ठेवली तर तो विनापरवाना हत्यार बाळगण्याचा गुन्हा होतो, आणि त्यात अडकतो तो नातेवाईक.